सरूचे सोमवार

मंगळवार, १४ जुलै १९६४

हिशेबाच्या वहीची मागची पानं दरवर्षी कोरीच राहतात. म्हणून वही उलटी धरून या नोंदी इथंच लिहिणार आहे. त्यासाठी नवी वही कशाला हवी?

आजपासून मी शाळेत शिकवायला जाते. मंडळाच्या मुलींच्या शाळेत तिसरीच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आहेत. दिवाळीपर्यंत त्यांच्या जागी मॅट्रिक झालेली कोणीतरी हवी होती. मोठ्या बाईंनी, म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिकांनी, मला देवळातच गाठलं. पोरगी लग्न होऊन पाचोडला नांदायला गेल्यापासून मला दुपार खायला उठते, म्हणून हो म्हटलं. ह्यांना विचारलं तर म्हणाले, निजामाच्या राज्यात उर्दूतून मॅट्रिक झालीस, त्याचं कुणाला तरी फळ मिळू दे. कचेरीत वीस वर्षं काढलेली माणसं असंच बोलतात. त्याचा अर्थ परवानगी आहे असा.

वर्ग खालच्या मजल्यावर आहे. दोन खिडक्या. गल्लीकडची पाऊस आत येतो म्हणून बंद ठेवायची, आडाकडची उघडी. विजेचा दिवा आहे, पण तो तपासनीस आले की लावतात. मला ते पटलं. दिवसा दिवा कशाला?

एक्केचाळीस मुली आहेत. निम्म्यांना प्रार्थना पाठ नाही. आधी ते करून घ्यायचं.

शुक्रवार, १७ जुलै

सरू नावाची एक मुलगी आहे, तिचं मला काही कळत नाही. हजेरीत वय दहा लिहिलंय, दिसते आठाची. परवा ऊन होतं तर फळ्यावरची सगळी गणितं पाटीवर उतरवली आणि एक सोडून सगळी बरोबर केली. आज आभाळ भरून होतं तर पाटी कोरी. का लिहिलं नाहीस विचारलं तर पाटीच्या लाकडावरून बोट फिरवत बसली. डोकं आहे, पण मनात येईल तेव्हा चालवणार. अशा मुलींना सवय लावावी लागते.

तोंडही नीट धूत नाही. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर साबणाच्या फेसासारखं काहीतरी चिकटलेलं होतं. आडावर पाठवून डोळे धुवायला लावले. परत आली तरी तसंच. पुन्हा पाठवलं. पुन्हा तसंच.

गुरुवार, २३ जुलै

आज मला फार चांगलं वाटतंय, म्हणून लिहिते.

मधल्या सुट्टीत मुली आडाच्या कट्ट्यावर भाकरीचं फडकं सोडून बसतात. सरू एकटीच भिंतीला टेकून बसली होती. जेवत का नाहीस विचारलं.

"उपास हाय बाई. गुरुवार."

सोमवारी एकादशी झाली, ती धरली होती का? व्हय. सोमवार धरतेस? व्हय. शनिवार, चतुर्थी? व्हय, व्हय. फराळाला काय असतं विचारलं तर म्हणाली, पाणी.

आपण उपवास म्हणून भगर, शेंगदाण्याची आमटी, राजगिऱ्याचा लाडू असं एरवीपेक्षा दोन घास जास्तच खातो. ही एवढीशी पोर कडकडीत करते. आई दोन वर्षांपूर्वी वारली. बाप मल्हारी पूर्णेकडं कालव्याच्या कामावर आहे, सहा-सहा महिने येत नाही. ही बेगमपुऱ्यात चुलता-चुलतीकडं राहते. उपास केले की बाप लवकर येतो असं चुलतीनं सांगितलंय. अडाणी घरात एवढा भाव असतो, आणि शिकलेल्या घरांत काय आहे?

वर्गात सगळ्या मुलींसमोर तिचं नाव घेतलं. टाळ्या वाजवायला लावल्या. पहिल्यांदा तिला हसताना पाहिलं.

ह्यांना सांगितलं. म्हणाले, पोरगी एवढं देवाचं करते, देव तिचं काय करतो?

सोमवार, ३ ऑगस्ट

सरूला आता रोज सगळ्यांच्या पुढं उभं राहून प्रार्थना सांगायला लावते. आवाज बारीक आहे, पण चुकत नाही. मात्र अभ्यासात तेच. गेले चार दिवस झड लागली आहे आणि चारही दिवस पाटी कोरी. तिला बंद खिडकीखालच्या कोपऱ्यात एकटीला बसवलं. तिथं उजेड नाही, त्यामुळं इकडंतिकडं बघायला काही नाही. मन लागेल.

चार वाजले की तिची चुळबुळ सुरू होते. घरी जायची एवढी घाई कसली कोण जाणे. शाळा सुटली की भागू नावाच्या मुलीच्या परकराचं टोक धरते आणि घरापर्यंत सोडत नाही. मुली तिला आगगाडी म्हणतात. आज भागूनं परकर ओढून घेतला तर ही तिथंच भिंतीला हात लावून उभी राहिली. भागू परत आली आणि म्हणाली, चल गं डब्या, इंजन आलं. मुली हसल्या, मलाही हसू आलं. पण दहा वर्षांच्या मुलीनं असं धरून चालणं बरं नाही. तसं तिला सांगितलं.

सोमवार, १० ऑगस्ट

श्रावणातला पहिला सोमवार. शाळा अर्धीच. मी आजपासून सोळा सोमवार धरले, पोरीचं सासरी नीट चालावं म्हणून. सरूला म्हटलं, तूही माझ्याबरोबर धर, दोघींचे बरोबरच पुरे होतील. तिनं विचारलं, सोळा झाल्यावर बाप येतो का? मी म्हटलं, मनापासून केलं की देव ऐकतो.

तिनं बोटांवर सोळा मोजले. एका हाताची बोटं तीनदा मोजून झाल्यावर उरलेल्या एकासाठी माझं बोट धरलं.

गुरुवार, २० ऑगस्ट

मन खट्टू झालंय.

मधल्या सुट्टीत भागू सांगत आली की सरू आमचं उष्टं खाती, उपास मोडती. जाऊन पाहिलं. आडामागं मुली जिथं खरकटं टाकतात तिथं सरू उकिडवी बसली होती. भाकरीचे करपलेले पापुद्रे, सांडलेले दाणे, लिंबाच्या लोणच्याचं साल. दोन्ही हातांनी चाचपून वेचत होती.

एवढा राग मला माझ्या पोरीचाही कधी आला नाही. उपास झेपत नाही तर सांगायचं होतं. चोरून खायचं आणि सकाळी सगळ्यांपुढं उभं राहून प्रार्थना सांगायची, हे ढोंग या वयात? वर्गात आणून सरस्वतीच्या तसबिरीपुढं उभी केली. मुलींना गप्प बसवलं. हात जोडून शपथ घ्यायला लावली की उपासाच्या दिवशी अन्नाचा कणही तोंडात घालणार नाही.

तिनं विचारलं, "मोडला तर काय हुतं बाई?"

मी म्हटलं, जे मागितलंय ते मिळत नाही.

रडली नाही. ओठाच्या कडेला भाकरीचा एक कण चिकटला होता. तो तिनं बोटानं पुसून खाली टाकला, चाटला नाही. ते पाहून मला बरं वाटलं. शिकेल.

मंगळवार, २५ ऑगस्ट

संध्याकाळी शाळा सुटताना सरू पायरीवरून पडली. ओठ फुटला. पाऊस होता, अंधारून आलं होतं, पण बाकीच्या चाळीस मुली उतरल्याच ना? जिथं पायरी संपली होती तिथं हिनं अजून एक असल्यासारखा पाय टाकला. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, तिला दिसत नसेल. मी म्हटलं, दुपारी उन्हात तिनं मला सुईत दोरा ओवून दिलाय. दिसत नाही कसं? ध्यान नसतं.

शनिवार, २९ ऑगस्ट

सरू तीन दिवस आली नाही. सकाळची शाळा सुटल्यावर भागूला बरोबर घेऊन बेगमपुऱ्यात गेले.

एकच खोली, पुढं पडवी. चुलती वच्छलाबाई मोंढ्यात धान्य चाळायला जाते. आज काम नव्हतं म्हणून घरी होती. माझ्याच वयाची, पण दात पडलेत. चुलता कारभारी पडवीत झोपला होता. त्यांची स्वतःची तीन मुलं. सरू आत अंधारात गोणपाटावर बसली होती, जरा कणकण आहे असं चुलती म्हणाली. माझा आवाज ऐकून सरू उठली आणि खांबाला धडकली.

वच्छलाबाईनं गुळाचा चहा केला. नको म्हणणं बरं दिसलं नसतं. मी सरूच्या उपासांचं कौतुक केलं आणि एवढ्या लहान मुलीला इतके उपास झेपत नाहीत, थोडे कमी करा, असंही सांगितलं. ती आधी माझ्याकडं बघत राहिली. मग हसली.

"बाई, घरात सहा तोंडं आन् चार भाकरी. कुनाला तरी देव आठवावाच लागतो. माझ्या पोरांला आठवंना, मंग हिला आठवून दिला."

तीच पुढं म्हणाली, "तुम्ही लई बरं केलं बघा. आधी रातच्याला रडायची. आता न्हाय रडत. म्हनती, बाईला कबूल केलंया."

घरी आले. आज चार ओळींचा हिशेब लिहायला अर्धा तास लागला.

सोमवार, ३१ ऑगस्ट

घरून दूध आणि राजगिऱ्याचे दोन लाडू नेले. सोमवारी हे चालतं. सरूला आडाच्या कट्ट्यावर बसवून हातात लाडू दिला. तिनं हुंगला आणि परत माझ्या हातात ठेवला. तुम्हीच म्हनला ना बाई, कण बी नाय. मी म्हटलं, फराळ चालतो, मीही खाते. तिनं तोंड घट्ट मिटलं. मग हळूच विचारलं, परीक्षा घेताय का बाई?

मी म्हटलं, बरं, मग उद्या मंगळवारी खा. तर म्हणाली, चातुर्मास हाय, चुलतीनं एकच येळ सांगितलीया, रातची. रात्री काय असतं? अर्धी भाकर, मिरची. कधी असती, कधी न्हाय.

मोठ्या बाईंकडं गेले. त्या पटावर नावं घालत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "लक्ष्मीबाई, अशा बारा मुली मी तुम्हाला आत्ता उभ्या करून दाखवते. घरच्या भानगडीत शिरलात की त्या मुलीला शाळेतूनच काढतात. तुम्ही दिवाळीपर्यंत आहात. तिला पुढं बसवा, मारू नका. एवढं केलंत तरी पुष्कळ."

सरूला कोपऱ्यातून उठवून आडाकडच्या खिडकीशी बसवलं. दुपारी ऊन पडलं तशी अर्धी पाटी लिहिली. अक्षर वाकडं, एका ओळीवर दुसरी ओळ.

बुधवार, २ सप्टेंबर

खरं ते लिहिते. मी तिला सरळ सांगू शकते की शपथ बिपथ काही नाही, खा. पण देवासमोर, चाळीस मुलींसमोर शपथ मीच दिली. ती मीच मोडायला सांगितली तर उद्या या मुलींनी कशावर विश्वास ठेवायचा? आणि मला त्यांच्यासमोर उभं राहायचंय, हेही आहे.

म्हणून गल्लीतल्या देवळात पुराण सांगणाऱ्या बद्रीनाथबुवांना विचारलं. ते म्हणाले, संकल्प अर्ध्यावर सोडू नये, पण लहान मुलासाठी लवकर उद्यापन करता येतं. रीतसर पूजा करून, नैवेद्य दाखवून संकल्प संपवायचा. मग दोष नाही. आता येणारा सोमवार अमावास्येला लागून, म्हणून नको. मग गणपती, मग महालक्ष्म्या. पितृपक्षाच्या आधीचा सोमवार चांगला. म्हणजे एकवीस तारीख.

डोक्यावरचं ओझं उतरलं. चुलतीचा एकवेळचा नेमही त्यातच सुटेल असं बुवा म्हणाले.

ह्यांना सांगितलं. ह्यांनी पेपर खाली ठेवला. "एकोणीस दिवस. तू राहून बघ."

मंगळवार, ८ सप्टेंबर

उद्यापासून गणपतीची सुट्टी. सरू आली होती, पण तिला जुलाब होत होते, चार वेळा उठली. आता उलटंच झालंय. ऊन नको म्हणते. खिडकीशी बसवलं की गुडघ्यांत तोंड खुपसते, डोळ्यांतून पाणी. धूर लागला असेल, त्या खोलीत चूल आतच आहे.

तिला म्हटलं, रविवारी माझ्याकडं महालक्ष्म्या जेवतात, तू ये. प्रसाद आहे, प्रसादानं काही मोडत नाही. वच्छलाबाईलाही भागूकडून निरोप धाडला. मला ही युक्ती सुचली याचं समाधान वाटतंय. एकवीसपर्यंत निदान एकदा तरी पोटभर जेवेल.

रविवार, १३ सप्टेंबर

महालक्ष्म्यांना पुरणपोळी, आंबील आणि सोळा भाज्यांचा नैवेद्य झाला. मेथी, पालक, अंबाडी, तांबडा माठ, भोपळा, शेवग्याची पानं, सगळं मिळालं. पोरगी आणि जावई पाचोडहून आले. तेरा पानं उठली.

सरूचं पान दारापाशी वाढून झाकून ठेवलं होतं. आली नाही. तीनच्या सुमारास मनात आलं की आपणच जाऊन आणावी. पण मी सोवळ्यात होते, दुसरी पंगत बसायची होती, जावयाला वाढायचं होतं. संध्याकाळी हळदीकुंकवाच्या बायका. पान संध्याकाळी गाईला घातलं.

मंगळवार, १५ सप्टेंबर

काल महालक्ष्म्या उठवल्या. आज सकाळी उरलेल्या पोळ्या घेऊन बेगमपुऱ्यात गेले.

सरू त्याच गोणपाटावर पडली होती. अंगात ताप. वच्छलाबाई म्हणाली, आठ दिवस जुलाब चाललेत, रविवारी तुमच्याकडं यायचं म्हणून उठली, वेणी घालून घेतली, आन् दारात चक्कर येऊन पडली. डोळे मिटलेले होते. मी पापणी वर केली. उजव्या डोळ्याच्या बुबुळावर साय धरल्यासारखं होतं आणि मधोमध खड्डा. मी हात काढून घेतला.

टांगा केला. वच्छलाबाईनं पोरीला मांडीवर घेतलं, सगळ्या वाटेत शिव्या देत होती. कुणाला ते सांगता येत नाही. कधी देवाला, कधी दिराला, कधी स्वतःच्या नशिबाला. मला एकही दिली नाही.

बुधवार, १६ सप्टेंबर

सरकारी दवाखान्यात डोळ्यांचे डॉक्टर आहेत, तरुण आहेत. त्यांनी सांगितलं ते समजलं तसं लिहिते. पालेभाज्या, दूध, तूप यांतून डोळ्याला लागणारं एक सत्त्व मिळतं. ते महिनोन् महिने मिळालं नाही की आधी अंधुक उजेडात दिसेनासं होतं. संध्याकाळी मूल चाचपडतं, भिंत धरतं, पडतं. मग डोळ्याच्या पांढऱ्यावर फेसासारखे ठिपके येतात. तेव्हा जरी कोणी आणलं तरी महिनाभरात डोळा स्वच्छ होतो. त्यानंतर ताप किंवा जुलाब आले की बुबूळ विरघळतं. चार दिवस पुरतात.

त्यांनी विचारलं, फेस पहिल्यांदा कधी दिसला, कुणी पाहिला होता का? वच्छलाबाई म्हणाली, आम्हाला काय ठावं. मी म्हटलं, उद्या सांगते.

आता वही पुढं घेऊन बसले आहे. फेस, १७ जुलै. आभाळ आलं की कोरी पाटी, त्याच दिवशी. परकर धरून चालणं, ३ ऑगस्ट. पायरी, २५ ऑगस्ट. सगळं माझ्याच अक्षरात, तारखेसकट. वेगळ्या कागदावर उतरवून काढलं. डॉक्टरांना द्यायचं आहे.

शनिवार, १९ सप्टेंबर

उजवा डोळा गेला. डावा अजून धूसर आहे, पण शाबूत आहे. डॉक्टर म्हणाले, आठवडाभर नीट तेल आणि अन्न पोटात गेलं तर वाचेल. नाहीतर तोही उजव्याच्या वाटेनं जाईल. दोन्ही डोळ्यांवर पट्टी आहे.

तेल म्हणजे माशाच्या काळजाचं तेल, रोज दोन चमचे. बाटली उघडली की सगळ्या खाटांवर वास जातो. सरूनं वास घेतला आणि ओठ आवळले. नर्सबाईंनी नाक दाबून घातलं, तिनं सगळं बाहेर काढलं. भाकरी, दूध, काहीच घेत नाही. मी सांगितलं की उपास संपला, मी सांगते म्हणून संपला. ती म्हणाली, सोळा न्हाय झाले. सहाच झाले.

शाळेत डॉक्टरांचं म्हणणं सांगून मी रजा मागितली. मोठ्या बाई हो म्हणाल्या. मग म्हणाल्या, त्या बाकीच्या बारा मुलींचे डोळे मी काल संध्याकाळी दिवा मालवून पाहिले. दोघींना दाराची कडी सापडली नाही. त्यांना उद्या दवाखान्यात पाठवते. एवढं बोलून त्या वर्गावर गेल्या.

रविवार, २० सप्टेंबर

मल्हारी आला. कारभारीनं तार केली होती. उंच, वाळलेला माणूस, डोक्याला पटका, अंगाला मुरमाची धूळ तशीच. पोरीच्या खाटेशी बसला तर तिनं त्याचं तोंड दोन्ही हातांनी चाचपलं, मिशा, कान, पटका. मग मला हाक मारली.

"बाई, आला बघा. उपासानं आला."

बाहेर व्हरांड्यात मल्हारी माझ्या पाया पडला. म्हणाला, माघारी पोरीला आई न्हाय, तुम्ही तिला देवाचं वळण लावलं. मी त्याला उठवलं आणि सगळं सांगितलं. टाळ्या, कोपरा, शपथ, महालक्ष्म्यांचं पान, सगळं. मला वाटलं तो ओरडेल. तो गुडघ्यांवर हात ठेवून जमिनीकडं बघत बसला. तिकडंच बघत म्हणाला, "वयनीला काय बोलू? मीच ठिवली ना तिच्यापाशी. धाडीत बी काय व्हतो मी." मग म्हणाला, परवा जावं लागंल बाई, न्हाईतर मुकादम नाव काढून टाकील.

मी विचारलं, थोडे दिवस थांबता येणार नाही का? तो म्हणाला, थांबलो तर हिला काय घालू?

आत गेलो तर सरू नर्सबाईंना सांगत होती की आता डोळ्यासाठी उपास धरणार.

सोमवार, २१ सप्टेंबर

आज उद्यापन ठरलं होतं. बुवांकडं गेले नाही.

सकाळी मेथीची भाजी आणि ज्वारीच्या भाकरी करून डब्यात घेतल्या. सोमवारी मी धान्य शिजवलं याचं ह्यांना नवल वाटलं, पण डबा त्यांनीच दवाखान्यापर्यंत आणून दिला.

मल्हारी खाटेशेजारी जमिनीवर बसला होता. नर्सबाई बाटली घेऊन आल्या. मी चमचा माझ्याकडं मागितला. सरूला म्हटलं, तेल घे. ती म्हणाली, "सोमवार हाय. आन् मासा हाय ना त्यात?"

मी म्हटलं, हाय. मी घेते आधी.

"तुमच्या गळ्यात माळ हाय बाई."

तुळशीची माळ, लग्नाच्या आधीपासून आहे. मांस-मच्छी शिजलेल्या चुलीवरचं पाणीसुद्धा मी कधी प्यायले नाही. तिचा हात धरून माझ्या गळ्यावर ठेवला, माळेच्या वरती, कारण तिला दिसत नव्हतं आणि माझ्या नुसत्या बोलण्यावर आता तिनं विश्वास का ठेवावा? चमचा भरला आणि तोंडात ओतला. डोळ्यांत पाणी आलं. गिळलं. तिच्या बोटांखालून ते खाली गेलेलं तिला कळलं, कारण तिनं बोटं उचलली आणि परत ठेवली. मग मी भाकरीचा तुकडा मोडून भाजीत बुडवला आणि तिचा हात गालावर ठेवून चावला. सगळा चावून होईपर्यंत तिनं हात काढला नाही.

"मोडला का तुमचा सोमवार?"

"मोडला."

ती विचार करत राहिली. मग तिनं तोंड उघडलं. नर्सबाईंनी दोन चमचे घातले. वास आला तशी तिचं सगळं अंग शहारलं, पण बाहेर काढलं नाही. मी भाकरीचा घास केला, तिनं तो घेतला. आणखी एक घेतला. चावायची सवय गेल्यासारखी फार सावकाश चावत होती.

तिसऱ्या घासाला तिनं माझं मनगट धरलं.

"बाई, आता मोडला. मंग बाप जाईल का?"

मल्हारी खाली बसलेला होता. त्यानं पटका सोडून मांडीवर घेतला होता, त्याचीच घडी घालत होता. मान वर केली नाही.

मी घास तिच्या ओठांशी धरून ठेवला. ती बराच वेळ थांबली. मग खाल्ला.